अनुभव धागा: खेड्यात राहून पियानोचे गुरुजी कसे शोधले?

नागपूर-अमरावतीत पियानोच्या क्लासची पाटी सहज सापडते. आर्वी, दर्यापूर, वडशाकडे तसं नाही. घरात बहुतेक ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, त्याला सगळे कॅसिओच म्हणतात, आणि शिकवणारे म्हणजे भजनी मंडळातले पेटीवाले. तरी मुलं शिकताहेत. गुरुजी कसे निवडले, पहिल्या भेटीत त्यांनी काय विचारलं, काय केलं, ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून करते.

आर्वी, जि. वर्धा
गावातल्या पेटीच्या गुरुजींकडे लेकीला घेऊन गेले. त्यांनी तिला काही वाजवायला सांगितलंच नाही. एक सूर दिला आणि म्हणाले, "हा गळ्यातून काढ बेटा." मग माझ्याकडे वळून सरळ सांगितलं, "ताई, पेटीत डावा हात भात्यावर असतो. पियानोत त्याला स्वतःचं काम असतं, ते माझ्याकडून शिकवणं होणार नाही. सूर, ताल आणि कान मात्र पक्के करून देईन." आपल्याला काय येत नाही हे आपणहून सांगणारा माणूस मला शंभर प्रमाणपत्रांपेक्षा मोठा वाटला. लेक अजून त्यांच्याकडेच जाते. डाव्या हातासाठी आठवड्यातून एकदा ऑनलाइन क्लास लावला आहे.

दर्यापूर, जि. अमरावती
माह्या पोराले पयले जे सर लावले ते वाजवत लय मस्त. पन पोरगं चुकलं का बोटावर पट्टीनं मारत. क्लासची येळ झाली का पोरगं म्हने, पोट दुखते. मंग एक दिवस मी तिथंच बसून पायलं अन् पोराले काढून घेतलं. आता ज्या मॅडम हायेत त्या चुकलं तं म्हनतात, "थांब, एवढे चारच सूर सावकाश वाजव." तेवढं जमलं का मंगच पुढं. फी ठरवाच्या आंधी एक तास बसून पाहा. जे बसू देत नाहीत तिथं लेकरू ठेवू नोका.

चिखली, जि. बुलढाणा
ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी. नेटवर आवाज मागेपुढे पोचतो, त्यामुळे गुरू-शिष्यांनी एकाच वेळी सोबत वाजवणं जमत नाही. म्हणून आमच्या मॅडम गाण्याचा तुकडा आधी रेकॉर्ड करून पाठवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी फोन बाजूला, मनगटाच्या उंचीवर ठेवायला लावला. चेहरा दिसला नाही तरी चालेल, मनगट खाली पडतं का ते बघायचंय, म्हणाल्या. घरी कोणता कीबोर्ड आहे, पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा होतो का, हेही विचारलं. ज्या कीबोर्डवर हळू-जोरात एकसारखंच वाजतं त्यावर पियानोचा हात तयार होत नाही. हे न विचारता फी सांगणारेही भेटले, त्यांना आम्ही नमस्कार करून निघालो.

दारव्हा, जि. यवतमाळ
मी निवृत्त शिक्षिका, या वयात शिकायला लागले. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "परीक्षा द्यायची का?" लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा आता व्हिडिओ पाठवूनही देता येतात, मुलांना त्याचा नक्की उपयोग होतो. पण मला ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांची भजनं दोन्ही हातांनी वाजवायची होती. एकच जण असे भेटले की ज्यांनी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाजवावंसं वाटतं?" तिथेच ठरलं.

वडसा, जि. गडचिरोली
मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत ऑर्गन वाजवतो आणि शिकवतोही. वरचं सगळं वाचून शिकवणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. नाटकात गायक बदलला की सा बदलतो. आज काळी एक, उद्या पांढरी चार. त्यामुळे आमचा कान तयार असतो. पण पियानोच्या नोटेशनमध्ये, म्हणजे सूर कागदावर लिहायच्या पद्धतीत, प्रत्येक पट्टीचं नाव कायमचं ठरलेलं असतं. सरगम आणि नोटेशन दोन्ही समजावणारा मिळाला तर मुलाचा गोंधळ होत नाही, हे आधी विचारून घ्या. नोटेशन मीही मोठेपणी, नागपूरला जाऊन शिकलो.

आणखी एक. मास्तर वर्षभर हजर असतो का, हे जरूर विचारा. दिवाळीनंतर होळीपर्यंत आमचे रात्रभर प्रयोग असतात, त्या दिवसांत मी नवीन मूल घेत नाही. अर्धवट झोपेत शिकवणं मला पटत नाही. पावसाळा मात्र पूर्ण मोकळा असतो. ब्रह्मपुरी, नागभीडकडचं कोणी असेल तर रोवणी आटोपली की लेकराला घेऊन या. आधी क्लास बघा, फीचं नंतर बोलू.