मदत हवी आहे : नववीच्या वर्गात मानस आणली, पण गणित होते तसेच राहिले

नमस्कार मंडळी. गोव्यात तिसवाडीतल्या एका हायस्कुलात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझी बरीचशी मुले घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीपासून इंग्रजी पुस्तकांत पडली. वर्गात तिन्ही भाषांची खिचडी चालते, त्याची तक्रार नाही. तक्रार माझ्याच प्रश्नांबद्दल आहे.

‘मुलांच्या अनुभवविश्वाशी जोडा’ हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकून मी गेली काही वर्षे पुस्तकातल्या सफरचंदांच्या जागी मानकुराद आंबे आणि आगगाडीच्या जागी फेरीबोट घालत आले. मुले एकदा हसतात, मग तीच रीत, तेच उत्तर. हुशार चौघी-पाचजणी दोन मिनिटांत मोकळ्या होऊन खिडकीबाहेर बघतात आणि मागच्या बाकांवरची उत्तर फळ्यावर यायची वाट बघतात.

म्हणून यंदा दाबाच्या धड्याला मानस घेतली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते : नदीकाठच्या खाजन शेतांना बांध असतो आणि बांधात लाकडी दारांची मानस. भरतीला नदीचे पाणी दार ढकलून मिटवते, ओहोटीला नदी खाली गेली की आतले पाणी ते उघडते. माणूस लागत नाही. भातात खारे पाणी शिरत नाही, पावसाचे पाणी मात्र बाहेर जाते. मासे धरायला मानशीची पावणी होते, म्हणजे लिलाव.

प्रश्न दिला : दार 1 मीटर रुंद, त्याला बाहेरून 1 मीटर खोल पाणी लागले आहे, आत कोरडे. दारावर बळ किती? सूत्र फळ्यावर होतेच. तळाशी दाब 9,800 पास्कल, वर शून्य, सरासरी 4,900, म्हणून बळ 4,900 न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाचशे किलोचे ओझे. पुढच्या बाकांनी पटकन काढले. वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या घरच्यांनी मानस पावणीत घेतलेली असते. त्याने आकृती इतकी नेटकी काढली की मी ती भिंतीला लावली. खाली इंग्रजीत एक ओळ, तीही अर्धवट. पाचपैकी दोन गुण दिले आणि घरी जाईपर्यंत मला ते टोचत राहिले.

आणि पहिल्या बाकावरून नेहमीचे, ‘टीचर, हें परीक्षेक येतलें?’

तर जाणकारांनो, एकच प्रश्न असा कसा बांधावा की पहिल्या बाकाचा घाम निघेल आणि मागचा बाकही आत येईल? गुण कसे द्यावेत? तासिका 35 मिनिटांची आहे. येत्या शनिवारी सकाळी नऊ ते दहा या वेळात वर्गाला मानस बघायला न्यायची परवानगी हेडमास्तरांनी दिली आहे, त्याआधी काही सुचवाल तर बरे.

जुना_खडू :
ताई, तुमच्या प्रश्नात मुलाने ठरवायचे असे काही उरलेच नाही. रुंदी दिली, खोली दिली, सूत्र दिले. राहिली ती बेरीज-गुणाकाराची हमाली. मानशीचे चित्र काढून टाकले तरी गणित तेच राहते, म्हणजे ती नुसती शोभेला आहे.

असे विचारून बघा : एका मानशीच्या बाहेर रुंद मांडवी नदी, दुसरीच्या बाहेर दोन हातांचा चर. दारे आणि पाण्याची खोली सारखी. कुठल्या दारावर बळ जास्त? आधी हात वर करून अंदाज, अंदाज वहीत, तोही पेनने. सूत्र त्यानंतर.

पोर्शन_संपेना :
हे सगळे छान, पण पोर्शन कोण संपवणार? आमच्याकडे एका प्रश्नावर तासिका घालवली की लगेच डायरी तपासायला मागतात. दर धड्याला जमणार नाही, उगीच स्वप्ने नकोत.

धागाकर्ती :
@पोर्शन_संपेना, मान्य. सत्रात दोन-तीन धडेच असे घेईन, बाकी सरळ उरकीन.

@जुना_खडू, आज विचारले! 38 मुलांपैकी 31 जण ‘मांडवी’. त्यात माझ्या चौघी-पाचजणी सगळ्या. मला वाटले होते मानशीवाला मुलगा तरी बरोबर येईल. तोही मांडवीच म्हणाला. दार कधी उघडते ते त्याला घड्याळ न बघता कळते, का उघडते हे त्याने कधी स्वतःला विचारलेले नव्हते. मग दोन बाटल्या, एक जाड एक बारीक, सारख्या उंचीवर भोक पाडून पाणी सोडले. धारा सारख्याच लांब गेल्या, म्हणजे दाब खोलीवर ठरतो, पाणी किती रुंद पसरले आहे त्यावर नाही. वर्ग असा भांडला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले.

रापणकार :
पहिल्या बाकासाठी आणखी एक : खोली 1 ची 2 मीटर केली तर बळ दुप्पट की चौपट? चौपट, 19,600 न्यूटन. सरासरी दाबही दुप्पट, ओला भागही दुप्पट. सूत्राशिवाय हे पटवून द्या म्हणावे.

गुणांचे म्हणाल तर आमच्याकडे पाचातले दोन अंदाज आणि त्याच्या कारणाला ठेवतो, अंदाज चुकला तरी. कारण कोकणीत, मराठीत किंवा आकृतीत चालते. दोन गणिताला. उरलेला एक इंग्रजीत दोन वाक्ये लिहिण्याला, कारण पेपर शेवटी इंग्रजीतच आहे, तो सराव काढून घेतला तर मुलाचेच नुकसान.

आणि सहलीआधी हे सोडवायला द्या : भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. गेल्या शनिवारची सकाळची भरती मानशीवाल्या घरी विचारा. येत्या शनिवारी तुम्ही पोचाल तेव्हा दार उघडे की मिटलेले? दिवसाच्या दोन भरत्या सारख्या चढत नाहीत, शिवाय भांग (कमी चढणारी भरती) आणि उधाण (जास्त चढणारी) आहेच. तिथे तुमचा मागचा बाक पुढे असेल.

धागाकर्ती :
त्याच्या आजोबांना विचारले. गेल्या शनिवारी सकाळी सहा-दहाच्या सुमारास भरती, भांगाची. सात दिवसांचे 350 मिनिटे, म्हणजे येत्या शनिवारी भर दुपारी बारा, तीही उधाणाची. सुक्ती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी पावणेसहाला. नऊ ते दहा पाणी चढतच असणार, म्हणजे आम्ही जाऊन मिटलेले दार बघून परत येणार. हे मला सहलीत कळण्याऐवजी नववीने फळ्यावर दाखवले, आणि सगळ्यांत जोरात तोच मुलगा हसत होता.

दार उघडायला दुपारचे तीन वाजतील असे आजोबा म्हणतात. शाळा दीडला सुटते आणि आमची बस त्याच वेळी जाते. आता हेडमास्तरांना तारीख बदला म्हणून विचारायचे आहे. कुठला शनिवार ते मुलांनाच काढायला सांगितले आहे.