घरातला सिगारेट-बिडीचा धूर: तुम्ही काय केलंत?

नौपाडाकर: जुन्या घराला रंग काढलाय. रंगारी भिंत खरवडता खरवडता विचारतो, "इथे कोण ओढायचं हो?" काकांच्या खाटेवरचं छत पिवळंधमक! एक खोली, सहा माणसं, काकांच्या बिड्या आणि माझा दमा. आई खिडकी उघडायची, भाऊजींना बोलायची टाप नव्हती. खिडकी-पंख्याने वास कमी होतो, बारीक कण राहतातच. तुमच्याकडे काय?

ऐरोलीचा पीजी: चौघांत एक ओढणारा. गॅलरीत पाठवून बघितलं, पण सरकत्या दाराच्या फटीतून धूर आतच. आता थेट गेटबाहेर. पावसाळ्यात छत्री घेऊन चार मजले उतरताना तोंड बघा त्याचं 😄 निम्म्या वेळा कंटाळून जातच नाही.

मधुरा_कळवा: आमच्या ह्यांना बाळाच्या डॉक्टरांनी दम दिला. बाहेर ओढून आलात तरी शर्ट बदला, हात धुवा, मग बाळ घ्या. कपड्यांना, गादीला चिकटलेलं राहतं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती ही थेरं." कुकर लागलाय, येते

वाशी सेक्टर: घरातले कोणीच ओढत नाहीत, तरी बाथरूममध्ये वास!! खालचे संडासात ओढतात, डक्टमधून वर. किचनचा एक्झॉस्ट लावला की उलट जास्त खेचतो. शेवटी बाथरूमला झडपेचा फॅन बसवला आणि किचनची खिडकी उघडी ठेवतो. बराच फरक. सेक्रेटरी म्हणतात घरात आपण काय बोलणार. २ ऑक्टोबर २००८ पासूनची बंदी सार्वजनिक जागांना आहे, लोकांच्या संडासाला नाही.

मी_घोडबंदर: @नौपाडाकर रंगारी कसा आहे? आमचंही काढायचंय

नौपाडाकर: माणूस बरा, पण दांड्या मारतो. व्यनि (खाजगी मेसेज) करतो.

पुट्टीवाला: पिवळ्या डागावर आधी ऑइल प्रायमर मारा हो, नाहीतर दोन हातांनंतरही वर येतो.

आत्या: सिगारेटला नावं ठेवता आणि रात्रभर दारं लावून मच्छर कॉइल जाळता! तोही धूरच. जाळ्या लावा.

मधुरा_कळवा: आले. भावाने १८००-११-२३५६ वर फोन केला होता, सोडायला मदत करतात, फुकट. पुढे तेच फोन करून विचारतात. त्याची अजून पूर्ण सुटलेली नाही, पण घरात ओढणं बंद आहे.

ऐरोलीचा पीजी: आत्या, जाळी भाड्याच्या घरात कोण लावणार? मालक खिळा ठोकू देत नाही

आत्या: चिकटपट्टीवाली मिळते रे बाळा.