मदत हवी आहे: वादळाआधी आणि नंतर किनारा मोजायचा कसा?

नेरूळकर: नववीच्या मुलांचा प्रकल्प आहे. चक्रीवादळ वाळू किती नेतं ते उरणच्या पिरवाडीला मोजायचं आहे. सँडी हरिकेनने २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडला भगदाड पाडलं, ते फोटो मुलांनी पाहिलेत. महागडी यंत्रं नाहीत. शिवाय ऐरोलीच्या खाडीत हीच पद्धत चालेल का?

रेतीमाप: दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या घ्या. वरच्या टोकाला शून्य धरून खाली सेंटीमीटरच्या खुणा, मध्ये दोन मीटर दोरी. ही एमरी पद्धत. जमिनीकडच्या काठीमागून पाहत पुढच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. नजरेची रेषा आपल्या काठीवर जिथे येते तो आकडा म्हणजे उतार. पुढे चढ असेल तर आपल्या काठीचं टोक जुळवून पुढच्या काठीवर वाचा. समोर जमीन दिसत असेल तर क्षितिज चुकतं, तेव्हा गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी वापरा. काठी रुतते, तळाला लाकडी चकती ठोका.

आरंभाची खूण पक्क्या भिंतीवर करा. सुरूच्या झाडावर नकोच, २०२० च्या निसर्ग वादळात सुरू मुळासकट पडले. मोजणी उधाणाच्या ओहोटीला, दर वेळी त्याच रेषेवर.

सगळ्यात मोठी चूक: मेची मोजणी जुलैशी ताडून दोष वादळाला देणं. पावसाळ्यात लाटा दरवर्षीच वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेतात, थंडीत ती परतते. म्हणून वादळानंतर लगेच आणि पुन्हा जानेवारीत मोजा. जानेवारीतही न भरलेला खड्डा हाच खरा तोटा. इशारा लागू असताना मुलांना किनाऱ्यावर नेऊ नका.

नेरूळकर: निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, मग मुंबईकडे पाणी कमी का चढलं?

रेतीमाप: आपल्या गोलार्धात वारा वादळाच्या डोळ्याभोवती, म्हणजे केंद्राभोवती, घड्याळाच्या उलट फिरतो. मार्गाच्या उजवीकडे, म्हणजे श्रीवर्धनच्या बाजूला, तो समुद्र जमिनीवर ढकलतो. डावीकडे, म्हणजे मुंबईच्या बाजूला, तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) घटला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं, पण वाऱ्याचा धक्का त्याहून भारी. तो उधाणाच्या भरतीच्या वेळीच आला तर नुकसान सर्वाधिक.

तिवरबन: ऐरोलीला वाळू नाही, गाळ आहे, काठ्या कामाच्या नाहीत. पीव्हीसी नळी खोल ठोका, ५० सेंमी वर ठेवा आणि उघडा भाग दर महिन्याला मोजा. तो वाढला तर गाळ धुपला, घटला तर साचला. नळीच्या बुडाशी पाणी खळगा करतं, म्हणून मोजणी हातभर दूर आडवी पट्टी धरून. तिवरांत आणि फ्लेमिंगो अभयारण्यात शिरण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्या, आणि गाळात एकटं कुणालाही उतरवू नका.