संध्याकाळची रोझरी आणि तीन लहान मुलं: आई आता आत एकटीच बसते, मदत हवी आहे

आगाशीवाला

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, कारण थोडक्यात सांगायला गेलो की मुलं त्रास देतात नि म्हातारी रुसली एवढंच उरतं, आणि ते खरं नाही.

आम्ही वसईचे कॅथलिक, कुपारी. मूळ घर नंदाखालला, सहा वर्षांपासून विरारला फ्लॅटमध्ये. घरात मी, बायको, माझी आई आणि तीन मुलं. मोठी मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा, धाकटी दीड वर्षाची. बाबा गेले तेव्हापासून आई आमच्याकडे आहे. अजून लाल लुगडंच नेसते.

आमच्या घरी रोझरी, म्हणजे जपमाळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, कधी चुकलेली नाही. मी लहान असताना सांजची घंटा झाली की अंगणातला खेळ तिथेच सोडायचा, हातपाय धुवायचे आणि ओटीवर चटईवर बसायचं. आजी सुरुवात करायची, आम्ही मागून म्हणायचो. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी अख्खी आळी जमायची, आणि आम्हा पोरांचा अर्धा जीव शेवटी वाटतात त्या चण्यांत असायचा. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण ती रोझरी माझ्या अंगात मुरलेली आहे. बाबांच्या शेवटच्या रात्री दवाखान्यात दुसरं काहीच सुचत नव्हतं, तेव्हा ओठांवर तीच आली.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. मी कामावरून पावणेआठला पोचतो. बायको तिच्या शाळेतून आलेली असते, पण स्वयंपाक आणि मोठीचा अभ्यास चालू असतो. साडेआठला आई अल्टारवरचा लाल झिरोचा दिवा लावते. पाच रहस्यं (येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, प्रत्येकाला दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना), मग लितानी, म्हणजे विनवण्यांची माळ, मग घरातल्या मयतांसाठी प्रार्थना, मग आजाऱ्यांसाठी. पस्तीस मिनिटं सहज जातात. तोवर मुलगा भुकेने आणि झोपेने बेजार, धाकटी पडद्याला लोंबकळतेय, आणि मी डोळे मिटल्यासारखं करून एका हाताने तिचा फ्रॉक धरून ठेवलेला.

त्यात भाषेची अडचण. मोठी इंग्रजी माध्यमात आहे, तिचा धर्मशिक्षणाचा वर्गही इंग्रजीत. पुढच्या वर्षी तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं. नमो मरिया तिला इंग्रजीत घडाघडा येते, आजीच्या मराठीत मात्र ती पुटपुटते. आजीला वाटतं लक्ष नाही. मागे एका गुरुवारी आईने आनंदाची रहस्यं सुरू केली, तर पोरगी मध्येच म्हणाली, "आजी, चुकलं. गुरुवारी प्रकाशाची असतात, टीचरने सांगितलंय." आई काही बोलली नाही. पुढचं रहस्य मात्र तिने फार हळू आवाजात म्हटलं.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वीचा प्रकार. आईची जपमाळ तिच्या लग्नातली, निळ्या काचेच्या मण्यांची, दोऱ्यात ओवलेली. तिसरं रहस्य चालू असताना धाकटीने ती ओढली आणि दोरा तुटला. फरशीवर मणी असे उधळले की काही क्षण फक्त तोच आवाज. मुलाला गंमत वाटली, तो हसत मण्यांमागे धावला. मी त्याच्यावर जोरात ओरडलो. धाकटीने केलं आणि रागावलो मी त्याच्यावर. तो घाबरून रडायला लागला, त्याचं बघून धाकटी रडली. आई गुडघ्यांवर बसून कॉटखालचे मणी पदरात गोळा करत होती. नंतर एवढंच म्हणाली, "राहू दे आज. पोरांना जेवायला घाला."

दुसऱ्या दिवसापासून ती आतल्या खोलीत, दार लोटून, बोटांवर मोजत एकटी रोझरी म्हणते. रुसून नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आपल्यामुळे मुलांना मार बसतो, शिव्या बसतात, असं तिच्या मनाने घेतलंय. बाहेर आम्ही काहीतरी दोन मिनिटांचं उरकतो. मुलगा संध्याकाळी विचारतो, "बाबा, आज पण प्रार्थना आहे?" डॉक्टरकडे सुई टोचायला जायचंय का असं विचारावं, तसा त्याचा आवाज असतो. तो ऐकला की पोटात कालवतं.

मणी मी स्टीलच्या डबीत ठेवलेत. जपमाळेत एकोणसाठ असतात, सापडले सत्तावन्न.

मला विचारायचंय ते हे. लहान मुलांच्या घरात तुम्ही संध्याकाळची प्रार्थना कशी करता? किती वेळ, कुठल्या वेळी, कुठल्या भाषेत? आणि आईला परत बाहेर कसं आणू? "आई, बाहेर ये" असं दोनदा म्हणून झालं. "तुमचं चालू दे" म्हणते.

जाता जाता दुसरं एक: रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, धाकटी इतकी ओरडते की बायको पूर्ण वेळ बाहेर झाडाखाली उभी असते. ती म्हणते, मग मी जाऊन उपयोग काय? यावरही कोणी अनुभवाचं सांगितलं तर बरं होईल.

---

सुकेळी

दादा, माझं माहेर गिरीजचं, सासर पुण्याला, दोन मुलगे सहा आणि तीन वर्षांचे. पहिली गोष्ट वेळेची. साडेआठ म्हणजे लहान मुलांचा सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा देवदूत बसवले तरी रडतील. आम्ही आधी मुलांना जेवायला घालतो आणि पोट भरल्यावर बसतो. तेही एकच रहस्य. एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया, त्रैक्याचा गौरव, संपलं. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. उरलेली चार रहस्यं मुलं झोपल्यावर मी आणि नवरा म्हणतो, कधी एकाचा डोळा लागतो, दुसरा पूर्ण करतो.

मुलांच्या हाताला काम द्या. मी जाड सुतळीला दहा गाठी मारून दिल्यात, प्रत्येकाची वेगळी. गाठ पुढे सरकवायची हेच त्यांचं काम. धाकटा आधी नुसती चावायचा, आता सातव्या गाठीला "सात" म्हणून ओरडतो. ओरडू देते.

मेणबत्ती विझवायचा मान रोज एकाला. या एका मेणबत्तीपायी माझी मुलं बसतात, हे मी मान्य करते, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. तुम्ही नाही का चण्यांसाठी बसायचात?

---

जुनी_शिक्षिका

वीसेक वर्षं पॅरिशमध्ये धर्मशिक्षण शिकवलं, त्या अधिकाराने लिहिते.

आधी गुरुवारचं. तुमची आई चुकलेली नाही, आणि मुलगीही चुकलेली नाही. आईने शिकली तेव्हा रहस्यं तीनच प्रकारची होती: आनंदाची, दुःखाची, गौरवाची. गुरुवार आनंदाचाच होता. प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये जपमाळेवरच्या पत्रातून सुचवली. सुचवली, हा शब्द लक्षात घ्या. ती म्हणायची की नाही हे त्यांनी लोकांवर सोडलं होतं. हे मुलीला तुम्ही सांगा, आणि आजीसमोर सांगा. बाराच्या जागी पंधरा वेळा सांगावं लागलं तरी सांगा. आठ वर्षांच्या मुलीला "दोघीही बरोबर" हे कळायला वेळ लागतो, पण कळतं.

त्याच पत्रात त्यांनी म्हटलंय की रोझरी मुलांसाठी म्हणावी आणि त्याहून जास्त मुलांबरोबर म्हणावी. रहस्य सांगताना चित्र समोर ठेवावं असंही त्यात सुचवलंय. चार वर्षांच्या मुलाला "रहस्य" या शब्दातून काय कळणार? त्याला गाढवावर बसलेली मरिया दाखवा, गोठा दाखवा, देवळात हरवलेला बारा वर्षांचा येशू दाखवा. माझ्या वर्गातली पोरं त्या हरवलेल्या येशूच्या गोष्टीला सगळ्यात शांत बसायची, कारण हरवण्याची भीती प्रत्येकाला माहीत असते. अधूनमधून आपल्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट सांगा. वसईचा मुलगा जहाजातून जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. हे शेवटचं चारच्या मुलाला लगेच सांगू नका, जहाजापर्यंत थांबा.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. घरात आजी आहे तर घरची प्रार्थना मराठीत व्हावी. इंग्रजी वर्गात येतेच आहे, ती कुठे जात नाही. पण मुलीने उत्तर इंग्रजीत दिलं तर अडवू नका. पहिला अर्धा आजीचा मराठीत, दुसरा अर्धा नातीचा इंग्रजीत, असं काही महिने चाललं तर काही बिघडत नाही. माझ्या आजीच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होती, ती उत्तरं लॅटिनमध्ये देऊन घरी मराठीत रोझरी म्हणायची.

आता मिस्साचं, तुमच्या पत्नीसाठी. रविवारच्या मिस्साचं बंधन सात वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. दीड वर्षाच्या बाळावर ते नाही. आणि कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात रविवारी न येण्याची जी रास्त कारणं दिलीत, त्यात तान्ह्या मुलांची देखभाल स्पष्ट शब्दांत आहे. त्यामुळे एखाद्या आठवड्यात तुम्ही शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्साला जा, बाळ घरी ठेवा, रविवारी तिला एकटीला जाऊ द्या. निदान महिन्यातून एकदा तिला शांतपणे बसून मिस्सा ऐकता आली पाहिजे. ती झाडाखाली उभी राहते तो वेळ मात्र वाया गेला असं तिने मानू नये. 2014 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्मा देत होते, तेव्हा त्यांनी आयांना सांगितलं होतं की बाळं भुकेली असतील तर इथेच पाजा, आज इथे सगळ्यात महत्त्वाची तीच आहेत. मागच्या बाकावरून कोणी डोळे वटारले तर हे आठवावं.

---

दिवेलागण

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति आणि मग आजोबांसमोर परवचा. पाढे म्हणताना रडारड व्हायची. मग आजोबा मुद्दाम एखादा पाढा चुकवायचे आणि आम्ही त्यांची चूक पकडायला टपून बसायचो. तुमच्या लेकीला आजीची चूक काढायची आहे ना, तर आजीलाच मोजणी तिच्यावर सोपवायला सांगा. दहा झाले की तिने खूण करायची. चूक काढणाऱ्या पोराला राखणदार केलं की ते सुधारतं.

---

पडवी

सगळ्यांनी मुलांचं सांगितलं, मी तुमच्या आईचं सांगते, कारण माझ्या सासूबाई अशाच आत जाऊन बसल्या होत्या.

"आई, बाहेर ये" म्हणू नका. बाहेर येऊन तिने करायचं काय? पुन्हा पोरांना ओरडा बसताना बघायचं? तिला बोलवायचं असेल तर तिच्यावाचून अडेल असं काम घेऊन जा. ते सत्तावन्न मणी डबीत का ठेवलेत? दुकानात ओवायला देऊ नका. नातीला घेऊन आत जा आणि सांगा, हिला जपमाळ ओवायला शिकव.

आणि आधी मुलाची माफी मागा. आजीच्या समोर. त्याने काही केलं नव्हतं, हे तिच्या मनात तुमच्याही आधीपासून आहे.

---

आगाशीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय.

पडवीताई, माफी त्याच रात्री मागितली. मुलगा विसरूनही गेला होता. मी "त्या दिवशी तू काही केलं नव्हतंस" म्हटल्यावर म्हणाला, "हो, बेबीने केलं." आई दारातून ऐकत होती.

रविवारी दुपारी मोठीला डबी देऊन आईकडे पाठवलं. आईने चष्मा लावला, नायलॉनचा दोरा मागितला, त्याचं टोक मेणबत्तीवर धरून कडक केलं आणि मग दोघी दोन तास कॉटवर. दहा निळे, गाठ, जरा जागा सोडून एक, पुन्हा गाठ. मोठी मोजत होती, आई गाठी मारत होती. मध्येच मोठीने विचारलं, तुझ्या लग्नात ही कोणी दिली? आणि आईने तिच्या आईबद्दल जे सांगितलं ते मीही पहिल्यांदा ऐकलं: लग्नाच्या सकाळी आजीने स्वतःच्या हातातली जपमाळ काढून हिच्या हातात घातली होती. म्हणजे ती माळ आईच्याही आधीची आहे. दोन मणी कमी होते. मोठीने तिच्या ब्रेसलेटमधले दोन काढून दिले, एक लाल, एक पिवळा.

आता मुलं साडेसातला जेवतात. मी पोचलो की लगेच बसतो. एक रहस्य सगळ्यांनी मिळून, आई मराठीत, मोठी हवं त्या भाषेत. सुतळीच्या गाठी केल्यात. पिवळा मणी आला की मुलाने मोठ्याने म्हणायचं असं त्याने स्वतःच ठरवलंय. बाकीची चार रहस्यं आई आत म्हणते, पण आता दार उघडं असतं, आणि परवा मोठी आपणहून उठून तिच्याजवळ जाऊन बसली. गुरुवार होता, आनंदाचीच रहस्यं चालू होती.

धाकटी अजून पडद्याला लोंबकळते. बायको या रविवारी एकटी मिस्साला जाऊन आली.

आता एकच राहिलंय. माळेचा छोटा चांदीचा क्रूस त्या दिवशी पायाखाली आला आणि त्याची वरची कडी तुटली. सध्या दोऱ्याने बांधलाय. जुनी चांदी आहे, झिजून पातळ झालीय, आणि डाग देताना वितळेल अशी आईला भीती वाटते. वसईत पापडी किंवा होळीच्या बाजूला असं नाजूक काम समोर बसून करून देणारा कोणी सोनार माहीत आहे का? आईला सोबत घेऊन जाईन, तिला डोळ्यांसमोर करून हवंय.