मुक्ता परत आली (घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप)

साने काकू (बी-५०२): मुक्ता आली बरं का! काल लिफ्टमध्ये भेटली. मास्टर्स झालं, १.७ मिळाले. अभिनंदन गं 🎉

देसाई (बी-१०४): अभिनंदन. १.७ म्हणजे दहापैकी?

मुक्ता (बी-५०४): काका, जर्मनीत उलटं असतं. १.० सगळ्यात वर, ४.० पर्यंत पास, त्याच्या पुढे नापास.

देसाई: म्हणजे आमचे चिरंजीव तिथे टॉपर ठरले असते 😄

कुलकर्णी काका (ए-७०१): मुक्ता, एक विचारतो, राग मानू नकोस. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला तिथे दीड वर्ष मिळतं ना? मग लगेच परत का? कर्जही आहे, असं बाबा म्हणाले होते.

साने काकू: अहो, पोरगी परवाच उतरलीय!

मुक्ता: असू दे काकू. गेटवर, वाण्याकडे, सगळीकडे हेच विचारतायत. एकदाच लिहिते, लांब होईल.

दीड वर्षाचा परवाना मिळतो, खरं आहे. पण माझा विषय गाड्यांचा. श्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज, पोर्शे, बॉशचं गाव, आणि सध्या तिथे या धंद्याचेच दिवस वाईट आहेत. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० नोकऱ्या कमी करणार म्हणून जाहीर केलं. अशात मी नवखी, जर्मन कामापुरतं. भाडं आणि विमा भरत दीड वर्ष रांगेत उभं राहायचं की चाकणला प्रयत्न करायचा, एवढाच हिशेब. घरची आठवण हे कारण नाही (आईला सांगू नका).

आणि संपलं ते विमानात बसताना नाही. हप्त्याहप्त्याने संपलं. प्रबंध दिला. मग शेजारच्या खोलीतली कोलंबियाची मैत्रीण गेली, जाताना माझा कुकर घेऊन गेली, तिला राजमा लागतो. मग महापालिकेच्या कचेरीत ‘मी आता इथे राहत नाही’ अशी नोंद करायची. घर सोडलं की दोन आठवड्यांत करावीच लागते. विमा, मोबाइल, बँक, जो तो तोच कागद मागतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणीसुद्धा कळवून बंद करावी लागते, दर घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी! बाईंनी कागद दिला आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर येऊन मी उगाच ट्रामच्या थांब्यावर बसून राहिले, तीन ट्राम सोडल्या.

सगळ्यात अवघड गेलं ते जिना झाडणं सोडताना. हसू नका. त्या भागात जुनी रीत आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि आठवडाभर जिना आणि बाहेरचा फुटपाथ त्याने झाडायचा. खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझं नाव कधी धड घेतलं नाही, पण कोपऱ्यात धूळ राहिली की दार वाजवायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा. शेवटची पाटी त्यांच्या दाराला लावायला गेले तर म्हणाल्या, आता कुठे तुला झाडता यायला लागलं होतं.

सेक्रेटरी (ए-२०१): पाटीची कल्पना एजीएममध्ये मांडू या का?

देसाई: बी विंगमध्ये पहिल्याच दिवशी पाटी चोरीला जाईल. बाकी मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, जिना झाडायचं मात्र आपण शिकलो नाही.

साने काकू: रविवारी ड्रिल चालवू नये एवढं शिकलो तरी पुष्कळ. ५०३, वाचताय ना?

नेने सीए (बी-९०१): मुक्ता, हप्ते कोर्सनंतर सहा महिने ते वर्षभराने सुरू होतात, बँकेवर आहे. व्याज मात्र आधीपासून चढतं. पगार सुरू झाला की आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (आधीचं ८०ई कलम) बघ, ८ वर्षं मिळते, पण जुन्या कररचनेतच. कर्ज बाबांच्या नावावर असेल तर तू फेडलंस तरी तुला नाही मिळणार. भेट.

शिंदे ताई (ए-३०३): मुक्ता, आमचा ओम थर्ड इयरला आहे. तिथे फी नसते म्हणतात, खरंय का?

मुक्ता: ताई, बहुतेक सरकारी विद्यापीठांत नसते. पण श्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, २०१७ पासून. शिवाय खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ सुटतात. आणि एपीएसचं (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत ना, हे तपासून देतात ते) प्रमाणपत्र लवकर काढायला सांगा, व्हिसा त्याच्यावर अडतो. रविवारी पाठवा त्याला, सगळं सांगते.

कुलकर्णी काका: पटलं. आमचा २००९ मध्ये अमेरिकेत असाच अडकला होता, मीच म्हटलं, थांब. थांबला. आता मीच विचारतो, कधी येतोस.

मुक्ता: काका, पण मी कायमची आले असं कुठे म्हटलं? जून २०२४ पासून ‘चान्सनकार्ट’ नावाचा परवाना आहे, नोकरी शोधायला वर्षभर जाता येतं. तिथलीच डिग्री असली की गुण मोजून पात्र ठरवायची भानगडही नाही.

साने काकू: म्हणजे परत जाणार??

मुक्ता: आधी चाकणचं काय होतं ते बघू. गुरुवारी सकाळी ११ ला ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे.

सेक्रेटरी: गुरुवारी ९ ते १ टाकी सफाई, पाणी बंद. सर्वांनी बुधवारी रात्रीच भरून ठेवावे. मुक्ता, शुभेच्छा.