ब्लूग्रास आणि लोकसंगीतासाठी पहिले मॅन्डोलिन : कोणते घ्यावे?

धागाकर्ती :
नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. शाळेत असताना सहा वर्षे व्हायोलिन शिकले होते. इथे दर गुरुवारी काही शेजारी एकत्र बसून ब्लूग्रास (तंतुवाद्यांवर वाजवले जाणारे अमेरिकी लोकसंगीत) आणि आयरिश लोकधुना वाजवतात, त्यांच्यात मॅन्डोलिन घेऊन बसण्याची फार इच्छा आहे. हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकते. खांद्याशी वेलबुट्टीसारखे वळण असलेले एफ-प्रकारचे वाद्य मनात भरले आहे, परंतु जाणकार मंडळी थेंबाच्या आकाराचे साधे ए-प्रकारचे वाद्य सुचवतात. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
तुमची व्हायोलिनची तालीम इथे थेट उपयोगी पडेल, कारण मॅन्डोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत असतात आणि त्या व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई अशा जुळवतात.

एफ-प्रकाराचा मोह मी समजू शकतो. गिब्सन या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीच्या कॅलमझू येथील कारखान्यात लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली 1922 ते 1924 या काळात जी एफ-5 वाद्ये घडली, त्यांतल्याच 1923 सालच्या एका वाद्यावर मॅन्डोलिनवादक बिल मन्रो यांनी ब्लूग्रास उभे केले, आणि तेव्हापासून या संगीताचे रूप त्या वळणाशी जोडले गेले. मात्र त्या वळणाचा आवाजाशी जवळजवळ काही संबंध नाही. ते कोरायला कारागिराचे बरेच तास जातात आणि ते पैसे तुम्ही भरता, म्हणून तेवढ्याच किमतीच्या ए-प्रकारच्या वाद्यात सहसा अधिक चांगले लाकूड आणि अधिक नेटके काम मिळते. वरची फळी भरीव स्प्रूस लाकडाची कोरलेली आणि पाठ व कडा भरीव मेपल लाकडाच्या आहेत ना, हे आधी पाहा, कारण दाबून वाकवलेल्या प्लायवूडचा आवाज कोंडल्यासारखा येतो. केंटकी या ब्रँडचे केएम-150 आणि ईस्टमन या ब्रँडचे एमडी-305 ही दोन्ही भरीव लाकडाची वाद्ये अवश्य वाजवून पाहा.

वरच्या फळीतल्या छिद्रांचा आकार मात्र महत्त्वाचा आहे. व्हायोलिनसारखी एफ-छिद्रे असली की दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तोडून मारायचा ‘चॉप’ गिटार-बँजोच्या गर्दीतूनही खणखणीत ऐकू येतो. लंबगोल छिद्राचे वाद्य अधिक गोड आणि अधिक वेळ घुमते, त्यामुळे आयरिश धुनांना ते शोभते. तुम्हाला दोन्ही वाजवायचे असल्याने मी एफ-छिद्रांचे ए-प्रकारचे वाद्य घेईन.

माझे पहिले वाद्य टपालाने आले, तेव्हा त्याची घोडी, म्हणजे ब्रिज, सरकलेली होती. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर राहते, हे मला ठाऊक नव्हते आणि तीन महिने मी माझ्या बोटांनाच दोष देत राहिलो. म्हणून दुकानातच बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मानेपासून दूर सरकवावी लागते, उतरा असेल तर जवळ. हजारातले शंभर-दीडशे डॉलर एखाद्या चांगल्या कारागिराकडून वाद्य लावून घेण्यासाठी, म्हणजे घोडी आणि तारांची उंची नीट करून घेण्यासाठी, राखून ठेवा. तारा फार उंच असतील तर बोटे सोलवटतात आणि माणूस वाजवणेच सोडून देतो.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे. पिक (तारा छेडायची पट्टी) जाड घ्या, एक मिलिमीटरहून अधिक. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते आणि भरीव लाकूड तडकू शकते, त्यामुळे वाद्य पेटीतच ठेवा आणि आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राखा.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. काल केएम-150 घेतले. ए तारेचा दाबलेला स्वर खरोखरच चढा निघाला, तेव्हा दुकानदाराने माझ्यासमोर घोडी सरकवून तो जुळवून दिला. आता तारा बदलायच्या असतील तर सगळ्या एकदम काढाव्यात का?

प्रतिसाद १ :
अभिनंदन. सगळ्या एकदम मुळीच काढू नका, घोडी निसटेल. एक तार काढा, तिच्या जागी नवी चढवून जुळवा आणि मगच पुढचीला हात लावा.