पासवर्डइतकंच ईमेल आणि सिमकडे लक्ष द्या
ऑनलाइन अकाउंट सुरक्षित ठेवायला पासवर्ड मोठा आणि अवघड ठेवला की पुरे असं बरेच जण म्हणतात. तसा पासवर्ड हवा हे बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. चोराला बऱ्याचदा तुमच्या ईमेल अकाउंटमध्ये शिरता आलं की झालं, कारण बाकीच्या अकाउंटच्या पासवर्ड रिसेटच्या लिंक तिथेच येतात. म्हणून ईमेलचा पासवर्ड एकदम वेगळा, दुसरीकडे कुठेच न वापरलेला हवा. आणि सेटिंगमध्ये मेल आपोआप फॉरवर्ड करायचा नियम कोणी लावून ठेवलाय का तेही बघा, पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहू शकतो आणि हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

दुसरं म्हणजे सिम. तुमच्या नावाने कोणी डुप्लिकेट सिम काढलं की तुमचा फोन अचानक नो सर्व्हिस दाखवतो आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात, तेव्हा रेंज गेली असेल म्हणून वाट बघत बसू नका, दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि मोबाईल कंपनीला कळवा. जिथे सोय आहे तिथे एसएमएसवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच सतत बदलणारा लॉगिन कोड दाखवणारं ॲप) वापरा, पण त्यातला कोडही फोनवर कोणाला सांगायचा नाही, समोरचा बँकेतून बोलतोय म्हणाला तरी.